न दिलेलं घेणं

पाठशाळेत मुलांना अचौर्य शिकवताना एक अडचण नेहमी येते. चोरी म्हणजे काय, असं विचारलं की मुलं सांगतात, पैसे पळवणं, पेन ढापणं. म्हणजे मालकाची वस्तू गेली पाहिजे, तरच ती चोरी. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मात्र चोरीची खूण एवढीच सांगितली आहे की जे दिलेलं नाही ते घेणं. मालकाचं किती गेलं, याचा हिशेब त्यात नाही. मी त्याचा अर्थ असा घेते, की मालकाची वस्तू जागच्या जागी राहिली तरी न विचारता घेतलेलं ते घेतलेलंच.

ही व्याख्या मला पुन्हा आठवली ती अमेरिकेतल्या पोलिसांच्या एका यंत्रामुळं. त्याचं नाव ‘स्टिंगरे’. फ्लोरिडातल्या हॅरिस कॉर्पोरेशननं बनवलेलं हे यंत्र मोबाईलच्या टॉवरचं सोंग घेतं. आपला फोन पर्समध्ये गप्प पडलेला असला तरी तो सारखा जोरकस टॉवर शोधत असतो. असा सोंगाड्या टॉवर भेटला की त्यालाच खरा समजून फोन आपला ओळख क्रमांक सांगून टाकतो. पोलिसांना हवा असतो एकाच माणसाचा फोन, पण हजेरी द्यावी लागते आसपासच्या सगळ्यांच्या फोनना. मग सिग्नलचा जोर मोजत मोजत पोलीस नेमक्या घराच्या दारापर्यंत पोचतात. आणि शेजारच्या घरात पोळ्या लाटत असलेल्या बाईला आपलाही फोन नोंदला गेला, याचा पत्तासुद्धा लागत नाही.

गुन्हेगार शोधायला पोलिसांनी नवं साधन वापरलं तर त्यात वावगं काय, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण खरी गोष्ट पुढंच आहे. हे यंत्र घेणाऱ्या पोलीस खात्यांना एफबीआयबरोबर गुप्ततेचा करार करावा लागे. न्यूयॉर्क राज्यातल्या एरी काउंटीचा 2012 सालचा असा करार 2015 मध्ये कोर्टाच्या आदेशानं बाहेर आला. त्यात लिहिलं होतं, की एफबीआयनं सांगितलं तर खटला सोडून द्यावा, पण यंत्राबद्दल बोलू नये. त्याच कागदपत्रांतून दिसलं, की तिथं हे यंत्र 47 वेळा वापरलं गेलं आणि त्यातल्या एकाच वेळी कोर्टाचा आदेश घेतल्याची नोंद होती. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या एका पोलीस अधिकाऱ्यानं साक्षीत सांगितलं, की आमच्या खात्यानं 2007 पासून ते सुमारे 4,300 वेळा वापरलं आहे. इतकी वर्षं गावाला माहीतच नव्हतं.

फ्लोरिडातल्या टॅलाहासीला एक लुटीचा खटला झाला. माल होता 130 डॉलरचा गांजा. आरोपीला निदान चार वर्षं तुरुंग व्हायचा होता. न्यायाधीशांनी पोलिसांना सांगितलं, ते यंत्र बचाव पक्षाच्या वकिलांना दाखवा. त्यानंतर सरकारी वकिलांनी तडजोड पुढं केली आणि आरोपी सहा महिन्यांच्या देखरेखीवर सुटला. म्हणजे यंत्राची गुप्तता न्यायापेक्षा महाग ठरली.

फ्लोरिडातल्याच पोलिसांचे काही ईमेल 2014 मध्ये उजेडात आले. कागदपत्रांत यंत्राचा उल्लेख करू नका, ‘गोपनीय सूत्राकडून माहिती मिळाली’ असं लिहा, अशी सूचना त्यांत होती. ते वाचलं आणि मला सत्याणुव्रताचे अतिचार आठवले. त्यात एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे फसवा कागद तयार करणं. आपण तो अतिचार पाठ म्हणताना सावकाराची खोटी चोपडी डोळ्यांसमोर आणतो. पण न्यायाधीशापुढं ठेवलेला पोलिसांचा कागद खोटा असेल, तर तो त्याहून मोठा कूटलेख नाही का? सावकार एका घराला फसवतो. हा कागद खुद्द न्यायालाच फसवतो.

आमच्या बस्तीत स्वाध्यायानंतर हा विषय निघाला, तेव्हा एक काकू म्हणाल्या, “अगं, आपल्याला काय लपवायचंय? लपवायचं ते चोरानं.” बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी त्यांना आंतर्देशीय पत्राची आठवण दिली. सासरची लेक आईला पत्र लिहायची, कडांना डिंक लावून चिकटवायची. त्यात काय गुन्हा असायचा? सासूचा एखादा बोल, दिवस राहिल्याची बातमी, माहेरची ओढ. तरी ते पत्र दुसऱ्या कुणी फोडलं तर आपल्याला चालायचं नाही. आज फोन नुसता कुठं कुठं गेला एवढं कळलं, तरी बाई कुठल्या डॉक्टरकडं गेली, कुठल्या वकिलाच्या पायऱ्या चढली, रात्री भांडून कुणाच्या घरी झोपली, सगळं कळतं. लपवणं वेगळं आणि जपणं वेगळं.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. अनेकान्त मानायचा तर आपल्याला अडचणीची बाजूही ऐकावी लागते. बाल्टिमोरमध्ये 2014 साली तीन माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांनी या यंत्रानं संशयिताला एका घरात शोधलं, तिथं पिस्तूल सापडलं. पण त्यांनी न्यायाधीशांकडून घेतलेला आदेश साध्या प्रकारचा होता. असलं यंत्र वापरणार, हे त्यांना स्पष्ट सांगितलंच नव्हतं. 2016 मध्ये मेरीलँडच्या अपील कोर्टानं तो पुरावा बाद ठरवला. गोळ्या लागलेल्या त्या तिघांचं काय, हा प्रश्न मलाही टोचतो. पण विचार करताना जाणवतं, की त्यांचा पुरावा कोर्टानं घालवला नाही, लपवाछपवीनं घालवला. खरं सांगून परवानगी मागितली असती तर गोळीबाराच्या तपासाला कुठला न्यायाधीश सहज नाही म्हणाला असता? घेणाऱ्यानं हात पुढं करून मागितलंच नाही, तर देणारा देणार कसं?

याच संदर्भात आणखी एक अतिचार आहे, न्यासापहार. विश्वासानं ठेवायला दिलेली ठेव दाबून बसणं. आपण कुठं कुठं गेलो याची नोंद फोन कंपनीकडं असतेच, ती तिच्याकडं पडलेली ठेव आहे. तुम्ही ती कंपनीला दिलीत, म्हणून आता तुमचा हक्क संपला, असा अमेरिकन सरकारचा जुना दावा होता. 2018 च्या कारपेंटर खटल्यात एका माणसाच्या 127 दिवसांच्या हालचालींच्या 12,898 नोंदी पोलिसांनी कंपनीकडून घेतल्याचं समोर आलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की अशा नोंदींसाठी साधारणपणे न्यायाधीशाचं वॉरंट लागेल. ठेव दुसऱ्याच्या घरात असली तरी मालकी बदलत नाही, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

कुणी विचारेल, आपण तर सर्वज्ञाला पूजतो, मग सगळं जाणणाऱ्याची भीती कशाला? पण क्रम बघा ना. आधी मोहनीय कर्म जातं, राग-द्वेष संपतात, त्यानंतरच केवलज्ञान होतं. वीतराग आधी, सर्वज्ञ नंतर. ज्याला कुणाकडून काही नको, त्यानंच सगळं जाणावं. पोलीस तुमच्या-आमच्यासारखी माणसं आहेत. त्यांना बढती हवी असते, वरून दबाव असतो, कधी एखाद्यावर रागही असतो. राग-द्वेष शाबूत ठेवून सर्वज्ञ व्हायला निघालेल्याला कुणीतरी विचारणारं हवंच.

आपल्या देशातही हा प्रश्न दूरचा नाही. फोन चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये नियम घालून दिले. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ठरवलं. तरी आपल्याकडं फोन ऐकण्याची परवानगी गृहसचिव देतात आणि तपासणी समितीतही सरकारी अधिकारीच बसतात. न्यायाधीश त्यात नसतात. ज्याचं बोलणं ऐकलं, त्याला निदान नंतर तरी कळवावं, असा नियम नाही. घरातल्या किल्ल्या एकाकडं आणि हिशेब तपासणाराही त्याच्याच घरचा, असं झालं तर आपण बायका गप्प बसतो का?

पोलिसांनी आंधळं व्हावं, असं मला म्हणायचं नाही. एखादं लेकरू हरवलं तर आपणच त्यांच्या दारात धावतो. त्यांनी शोधावं, पण मागून घ्यावं. न्यायाधीशाला खरं सांगावं. आणि वर्षाकाठी किती वेळा, कुणाच्या परवानगीनं घेतलं याचा आकडा लोकांपुढं ठेवावा. तपास चालू असताना नावं झाकून ठेवली तर कुणाची तक्रार नाही. पद्धत झाकायला नको. पुढच्या वेळी पाठशाळेत अचौर्य शिकवताना पेनाच्या जोडीला फोनचाही दाखला द्यायचा, असं मी ठरवलं आहे. मुलांना तो आपल्यापेक्षा लवकर कळेल.