उसनवारीचा हिशेब

डिस्नीकडे स्वतःचं काही नाही, सगळं उसनं, अशी टीका नेहमी होते. मला ती पटत नाही. १९३७ चा ‘स्नो व्हाइट’ ग्रिम बंधूंच्या संग्रहातला, ‘पिनोकिओ’ कोलोदीचा. पण ग्रिम बंधूंनी तरी गोष्टी कुठे रचल्या होत्या? त्यांनीही सांगणाऱ्यांकडून ऐकूनच उतरवून घेतल्या. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, पुलंनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. त्यानं कोणाची अब्रू गेली नाही.

आक्षेप पुढचा आहे. गावच्या विहिरीवर पाणी भरायचं आणि मग तिलाच कुलूप ठोकायचं, हे कोणत्या नीतीत बसतं? १९९८ साली अमेरिकेनं स्वामित्वहक्काची मुदत आणखी २० वर्षांनी वाढवली. त्यासाठी डिस्नीनं इतका जोर लावला की लोक त्याला मिकी माऊसचाच कायदा म्हणू लागले. १९२८ चा मिकी सर्वांना खुला झाला तो २०२४ मध्ये!

दरम्यान रचण्यापेक्षा विकत घेणं सोयीचं झालं. २००६ ला पिक्सार, २००९ ला मार्व्हल, २०१२ ला लुकासफिल्म. कल्पना सुचेपर्यंत थांबायचं कशाला, पैसा आहे ना!

उसनं देणाऱ्याच्या वाट्याला मात्र काय येतं, ते पाहा. सॉलोमन लिंडा हा जोहान्सबर्गच्या एका रेकॉर्ड कंपनीतला झुलू कामगार. १९३९ साली त्यानं ‘एम्बुबे’ हे गाणं गायलं आणि हक्क दहा शिलिंगांना गेले. अमेरिकेत त्याचंच ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं आणि डिस्नीच्या ‘द लायन किंग’मधून घराघरांत पोचलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारला. त्याच्या मुलींनी २००४ साली डिस्नीला कोर्टात खेचलं, तेव्हा कुठे २००६ मध्ये तडजोड झाली. कागदोपत्री डिस्नी चोख होती, परवाना अमेरिकी हक्कदाराकडून रीतसर घेतलेला. कागद चोख होता म्हणून मुलींचं देणं फिटलं, असं मी तरी मानणार नाही.

आणि उसनं घेणं वेगळ्या रीतीनंही करता येतं, हे त्याच कंपनीनं दाखवलंय. ‘फ्रोझन २’साठी उत्तर युरोपातल्या सामी लोकांच्या संसदांशी तिनं लेखी करार केला, त्यांच्या जाणकारांचा सल्ला घेतला, चित्रपट उत्तर सामी भाषेतही काढला. पण ही सगळी कंपनीची मर्जी. कायद्यानं तिला यातलं काहीच बंधनकारक नव्हतं. हक्क वर्षानुवर्षं राखण्यासाठी जो कायदा वाकवता येतो, त्यात मूळ सांगणाऱ्याचं नाव आणि वाटा देण्याचं एक कलम घालायला काय हरकत आहे?