पाणी वाटेत असताना

स्वस्थ बसा. श्वास आपल्या गतीने चालू द्या. मनात आणा की जुलैअखेर आहे आणि नवजा-महाबळेश्वरच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळतो आहे. सांगलीत मात्र झिमझिमच आहे.

त्या डोंगरातला एक थेंब निवडा आणि त्याच्याबरोबर चला. जूनमध्ये तो मातीत मुरला असता. आता जमीन भरून पावली आहे, त्याला जागा नाही. तो उतारावरून ओढ्यात येतो, ओढ्यातून कोयनेत. पुराचा अंदाज बांधणारं संगणकातलं प्रारूप हाच हिशेब मांडतं: किती पडलं, किती मुरलं, किती वाहिलं, खाली कधी पोचेल.

धरणाशी जरा थांबा. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. दरवाजे किती उचलायचे हे इथे माणसं ठरवतात, म्हणून पावसाचा अंदाज अचूक असला तरी नदीचा चुकू शकतो. विसर्गाचा आकडा वेळेवर कळणं म्हणूनच फार मोलाचं. पुढे कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि पाणी सांगलीच्या वाटेला लागतं.

आता पूर-अंदाजाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. नदीवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवा. आलेख उघडतो. आजवरची रेष एकच आहे. उद्यापासून तिच्या अनेक रेषा होऊन केरसुणीसारख्या फाकतात. ग्लोफास ही युरोपची प्रणाली अशा ५१ शक्यता मोजते, कारण आभाळाबद्दलची आपली माहिती अपुरी असते. मधल्या रेषेवर लगेच विसंबू नका. सर्वांत वरच्या रेषेकडे सावकाश पाहा. ती खरी ठरली तर? दावणीची जनावरं कोण सोडेल? अंथरुणावरच्या आजींना कोण उचलेल?

या प्रश्नांपाशी थोडा वेळ राहा. भीती वाटली तर वाटू द्या.

सांगलीच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पण पुलावरचे फूट म्हणजे तुमच्या दारातले फूट नव्हेत. कुठे ४० फुटांना घर सोडावं लागतं, कुठे ५०लाही अंगण कोरडं असतं. ही नोंद ग्लोफाससारख्या प्रारूपात नसते, ती गल्लीतल्या जुन्या माणसांकडे आहे.

आता उठा. पुलाशी किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे त्या जुन्या माणसांना आजच विचारा आणि दारामागे लिहून ठेवा.