वीस टनांत एक ग्रॅम

2010च्या हंगामात महाराष्ट्रातून गेलेले द्राक्षांचे कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. नडलं ते क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी ‘सीसीसी’. एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला ते फवारलं जाई. युरोपीय संघाची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टनांत एक ग्रॅम. भारतातल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतंच.

असं असूनही निर्यातवाढीचा विषय निघाला की चर्चा आयात शुल्काभोवती फिरते. ते अगदीच गैर नाही. युरोपीय संघाशी 2013पासून व्यापार करार असलेल्या पेरूच्या द्राक्षांना सवलत मिळाली. भारताच्या वाटाघाटी मात्र 2007मध्ये सुरू झाल्या, 2013मध्ये थंडावल्या आणि 2022मध्ये पुन्हा हलल्या. तरीही या मधल्या वर्षांत नाशिकचं द्राक्ष रॉटरडॅमला जातच राहिलं.

त्यामागे केंद्र सरकारच्या ‘अपेडा’ या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने 2006मध्ये सुरू केलेली ग्रेपनेट ही व्यवस्था होती. बागेच्या प्लॉटची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, काढणीपूर्वी प्रयोगशाळेत नमुना आणि मगच पॅकहाऊस. परदेशात पेटीबद्दल तक्रार आलीच, तर माग थेट बागेपर्यंत काढता येतो. 2010नंतर सीसीसीही तपासणीच्या यादीत आलं.

नियम ब्रसेल्समध्ये होतात, त्यांचा हिशेब निफाड-दिंडोरीत ठेवावा लागतो. त्यावर युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्यांच्या अटी कायद्याहूनही कडक असतात. दोन-तीन एकरवाल्याला एकट्याने हा पसारा झेपणं अवघड. म्हणूनच 1991मध्ये सहकारातून ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि पुढे मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’सारखी शेतकऱ्यांची कंपनी. पॅकहाऊस, शीतगृह, सल्लागार, प्रयोगशाळेचा खर्च असं सगळं वाटून घेतलं, तरच लहान बागायतदार या बाजारात टिकतो.

युरोपीय संघाशी करार लागू झाला, की माल स्वस्तात आत जाईल. पण तो आत घ्यायचा की नाही, हे प्रयोगशाळेच्या अहवालावरच ठरत राहील. शुल्क उतरल्यावर उरणारा पैसा आयातदाराच्या खिशात जातो की बागेपर्यंत पोहोचतो, हेही अशा संघटनांच्या बळावर अवलंबून आहे.

नोंदी आणि तपासणीच्या या शिस्तीचा लाभ घरच्या ग्राहकाला मात्र क्वचितच मिळतो. पुण्यातल्या हातगाडीवरच्या घडावरून कोणी त्याची बाग शोधून काढू शकत नाही. प्रयोगशाळा, नोंदींची सवय, जाणकार माणसं आता नाशिक-सांगलीच्या पट्ट्यासाठी तयार आहेत. देशी बाजारात तसाच चोखपणा आणायचा, तर त्याचा खर्च बागायतदार, व्यापारी, ग्राहक आणि सरकार यांच्यात कसा वाटायचा, हा प्रश्न व्यापार कराराच्या कोणत्याच मसुद्यात येत नाही.