गावठी की कसुरी?

माणदेशातल्या एका गावात धाकटा भाऊ तुरुंगातून संचित रजेवर घरी आला. रागाच्या भरात त्याच्या हातून एकाचा जीव गेला होता, आणि आत बरीच वर्षं सरली होती. थोरला भाऊ जामीन राहिला. ही रजा म्हणजे मेहेरबानी नव्हे. घराशी नातं तुटू नये, सलग बंदिवासाने माणूस खचू नये, म्हणूनच ती नियमात ठेवली आहे. पण थोरल्याला जामिनाचाच घोर लागलेला.

"दाराबाहेर जाऊ नकोस. काय हवं ते मला सांग," तो म्हणाला. हजेरीलाही तोच गाडीवर बसवून ठाण्यात न्यायचा आणि सही झाली की सरळ घरी आणायचा.

धाकट्याने काहीच मागितलं नाही. ताट पुढे आलं तरी कुणी ‘जेव’ म्हणेपर्यंत तो घासाला हात लावत नसे. उघड्या दारापाशी येऊन, कुणी ‘जा’ म्हणेल म्हणून थांबून राही. एके दिवशी हजेरीची सही करता करता त्याने हवालदाराला विचारलं, "साहेब, रजा संपायच्या आधी परत जाता येतं का?"

हवालदाराने थोरल्याला बाजूला घेतलं. "उद्यापासून ह्याला एकट्याला पाठव."

"आणि पळाला तर? जामीन मी आहे, साहेब."

"अरे, पळायलासुद्धा कुठं जायचं ते ठरवावं लागतं. ह्याला तहान लागली तर पाणी मागता येईना झालंय. आटपाडीचं स्वतंत्रपूर ठाऊक आहे ना? 1939 साली औंधच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनियरच्या कल्पनेतून ती कैद्यांची वसाहत वसवली. तटाची भिंत नाही, बायकापोरं सोबत, कसायला जमीन. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमा त्यावरूनच निघाला. नजर आपण ठेवूच. पण माणूस उभा राहतो तो त्याच्यावर काही सोपवलं की."

थोरला रात्रभर तळमळला. सकाळी त्याने धाकट्याच्या हातात पैसे ठेवले. "हजेरी लावून ये, येताना मेथीचं बी आण. विहिरीजवळचे वाफे तुझे."

दुकानदाराने विचारलं, "गावठी देऊ की कसुरी?"

धाकट्याला घाम फुटला. नोटेची घडी घालत, उलगडत तो बाजूला झाला. मागचं गिऱ्हाईक पुढे गेलं, त्याच्या मागचंही. एवढ्याशा प्रश्नाने माणूस गांगरावा हे आपल्याला खरं वाटत नाही. पण वर्षानुवर्षं ज्याला कुणी काही विचारलंच नाही, त्याची वाट अशाच जागी अडते. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गावठी."

बी त्याने फार दाट टाकलं. थोरला बोलायला उठला, तशी आत्या म्हणाली, "गप बस. विचारायला आला तर सांग."

मेथी गिचमिड उगवली. धाकटा वाफ्याकडे बघत बसला आणि मग आपण होऊन शेजारच्या बांधावर गेला. "काका, जरा बघता का?" काका आले. दोघांनी मिळून विरळणी केली, आणि उरलेलं बी धाकट्याने पुढच्या वाफ्यात हात आखडून फोकलं.

रजा संपली त्या दिवशी तो एकटाच एसटीने गेला आणि वेळेत हजर झाला. जाताना कुठल्या वाफ्याला कधी पाणी द्यायचं ते थोरल्याला बजावून गेला.

पुढच्या रजेच्या अर्जावर चौकशीला हवालदार घरी आला. "ठेवून घेणार ना? जबाबदारी तुझ्यावर आहे."

"घेणार, साहेब," थोरला म्हणाला. "आणि ह्या खेपेला पेरणी त्याच्यावर सोपवायची ठरवलीय."