काढून टाकलेले दूध

अन्न वाया घालवणे हे पाप, ही शिकवण आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यातही दुधाचे माहात्म्य विशेष. मग बाळंतिणीने अंगावरचे दूध हाताने पिळून टाकावे काय, असा प्रश्न निघाला की वडीलधाऱ्या स्त्रियांचा जीव कासावीस होतो. ‘लेकराच्या तोंडचा घास मोरीत ओतायचा?’ हा त्यांचा सवाल. त्यामागील माया खोटी नव्हे; तथापि मायेपोटी दिलेला निर्णय न्याय्यच असतो असेही नव्हे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. प्रसूतीनंतरचे पहिले एक-दोन दिवस आईच्या अंगावर घट्ट, पिवळसर चीक येतो. तो थोडा असला तरी नवजात बालकास तेवढाच पुरतो आणि रोगांपासून त्याचे रक्षण करतो. तो कधीही टाकू नये. दूध भरून येते ते पुढे, बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या दरम्यान. त्या वेळी केवळ दूधच नव्हे, तर रक्त व शरीरद्रवही स्तनांत दाटतो. छाती दगडासारखी ताठरते, कातडी ताणून चकचकीत होते, हात लावू म्हटले तरी लावू देववत नाही. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग इतका घट्ट होतो की बालकाच्या तोंडात तो धरत नाही. भुकेने मूल रडते आणि भरलेपणाने आई रडते, असा विलक्षण प्रसंग उभा राहतो.

उपाय साधा आहे. मुलास वरचेवर, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, पाजावे. ते धरू शकत नसेल तर पाजण्यापूर्वी थोडा वेळ कोमट फडका ठेवून, काळ्या भागाच्या किंचित मागे अंगठा व बोटे टेकवून, छातीकडे हलके दाबून थोडे दूध काढावे. भाग मऊ झाला की मूल आपले काम आपणच करते. पाजून झाल्यावर गार फडक्याने सूज उतरते. मात्र जोराने चोळू नये, आणि प्रत्येक वेळी पूर्ण रिते करण्याचा हव्यासही धरू नये. कारण जेवढे निघते तेवढ्याची गरज आहे असे शरीर समजते व अधिक दूध तयार करते. ताप व थंडी भरली, एखादा भाग लाल होऊन ठणकू लागला, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

आता धर्माचा प्रश्न. कोणत्याही नियमाचा अर्थ लावताना त्याचा हेतू पाहावा, हे न्यायशास्त्रातील जुने सूत्र आहे. ‘अन्न टाकू नये’ या नियमाचा हेतू काय? ज्याने कुणाची भूक भागेल ते व्यर्थ जाऊ नये, हा. येथे तर थोडे दूध काढल्यावाचून मुलास उरलेले मिळतच नाही! पाटाच्या तोंडाशी अडकलेला गाळ उपसणाऱ्या शेतकऱ्यास पाणी वाया घालवल्याचा दोष कोणी देईल काय? आणि शास्त्राचाच आधार हवा असेल तर तोही आहे. स्तन्य तिसऱ्या वा चौथ्या रात्रीनंतर वाहू लागते, हे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नमूद आहे. आणि ताठरलेल्या, अतिभरलेल्या स्तनातील दूध आधी थोडे न काढता पाजल्यास बालकास खोकला, धाप व वांती होते, असेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे ज्या कृतीस आपण पाप म्हणतो, ती आपल्याच प्राचीन वैद्यकाने विहित मानली होती.

कोणी म्हणेल, ‘मातृत्व ही तपश्चर्या आहे, तिने थोडे सोसावे.’ परंतु तप म्हणजे स्वेच्छेने पत्करलेले कष्ट. दुसऱ्याने लादलेली व सहज टाळता येण्याजोगी वेदना हे तप नव्हे. आपण विठ्ठलास माउली म्हणतो, देवाच्या करुणेस पान्ह्याची उपमा देतो. पण सोयराच्या दहा दिवसांत, बाळंतिणीच्या खोलीत, तोच पान्हा जिला दुखवीत असतो तिची विचारपूस किती जण करतात? सोयर पाळण्यातून तिला विसावा मिळतो खरा, पण त्यामुळे ती एकटी पडता कामा नये.

याहूनही कठीण प्रसंग असतात. अपुऱ्या दिवसांचे मूल रुग्णालयात असते, त्यास ओढण्याची शक्ती नसते. तेव्हा आईने दर दोन-तीन तासांनी काढून दिलेले दूधच त्याचे अन्न होते, आणि काढत राहिल्यानेच ते टिकते. कधी मूल दगावते. पण दुधास ते कळत नाही, ते येतच राहते. त्या मातेने वेदना शमेल इतकेच काढावे, हळूहळू दूध आटते. तिला पापपुण्य ऐकवणे यासारखे क्रौर्य नाही.

आणि खरोखरच दूध अधिक असेल तर? सहा कृत्तिकांच्या दुधावर वाढलेला कार्तिकेय आपल्या परंपरेस परका नाही. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत दात्या मातांची तपासणी करून, दूध 62.5 अंश सेल्सियसवर 30 मिनिटे तापवून, अशक्त अर्भकांस दिले जाते. मानवी दुधाच्या विक्रीस कायद्याने मुभा नाही, हे भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे 2024 मध्ये स्पष्ट केले. ते योग्यच झाले. दुधाचे दान व्हावे, व्यापार नव्हे. मात्र दानासही दात्याची इच्छा लागते. ‘वाया घालवण्यापेक्षा दे’ असा धाक घालून घेतलेले ते दान नव्हे.

तात्पर्य, मोरीत गेलेल्या चार थेंबांत पाप नाही. दूध लेकराचे खरे. परंतु ते ज्या देहात दाटते तो देह आईचा आहे, आणि त्याच्या वेदनेचा निवाडा करण्याचा पहिला अधिकारही तिचाच. पाप असेलच, तर ते पुण्याच्या नावाखाली तिला कण्हत ठेवण्यात आहे.