काटक्यांचा विस्तव

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें २८:१-३; लेवीय ६:१२, १३; २ तीमथ्य १:६.



तारूं फुटल्यावर २७६ जण मिलिता, म्हणजे हल्लींच्या माल्टा बेटावर, पावसांत व थंडींत कुडकुडत उतरले. तेथील लोकांनीं विस्तव पेटविला. तेव्हां पौल प्रेषितानें काय केलें? तो वांकला आणि त्यानें काटक्या गोळा केल्या. ह्या लहानशा गोष्टीकडे आज लक्ष द्यावें.

आयर्लंड देशाच्या मेयो परगण्यांत कॉन नांवाचें सरोवर आहे. तेथें मासे धरणारे लोक कांठावर चहाचें पाणी उकळण्यासाठीं एक विशेष किटली वापरीत आले आहेत. १९२९ सालीं न्यूझीलंडांत जॉन हार्ट ह्यांनीं तशीच किटली काढिली. दुसऱ्या महायुद्धांत त्या देशाचे शिपाई उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत तिच्यावर पाणी तापवीत. तिची रचना अशी : मध्यें धुराडें, त्याच्या भोंवतीं पाणी, आणि खालीं विस्तवासाठीं भोंक पाडलेलें लहान पात्र. आपल्याकडील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें लागलेंच समजेल. जाळ पाण्याच्या पोटांतून वर चढतो, म्हणून उष्णता वायां जात नाहीं व थोड्या मिनिटांत पाणी उकळतें.

ह्या किटलींत ओंडका मावत नाहीं. वाळलेलें गवत, काटक्या, गोवरीचा तुकडा, हेंच तिचें सर्पण. आणि तें धुराड्याच्या तोंडांतून वरचेवर टाकीत राहावें लागतें. हात थांबला कीं विस्तव थांबला. वेदीवरील अग्नि विझूं नये म्हणून याजकानें रोज सकाळीं लांकडें घालावीं, अशी देवाची आज्ञा होती. आपल्या कित्येक खेड्यांत पाळक महिन्यांतून एकदां येतात, आणि मधल्या रविवारीं उपासनामंदिराचें दार बंद राहतें. लोक म्हणतात, "मोठी सभा भरेल तेव्हां मंडळी जागी होईल." बंधूंनो, ही ओंडक्याची वाट पाहणें आहे. चार घरें जमून एक अध्याय वाचावा, एक गीत गावें, आजाऱ्याच्या खाटेशीं प्रार्थना करावी, दळणांतून मूठभर धान्य प्रभूसाठीं बाजूस काढावें. ह्या काटक्या आहेत, आणि त्या प्रत्येक घरीं आहेत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उघड्यावरील तीन दगडांची चूल वाऱ्यानें विझते. पण ह्या किटलीचें भोंक मुद्दाम वाऱ्याकडे करितात, म्हणजे तोच वारा आंतला विस्तव फुलवितो. स्तेफनाच्या वधानंतर छळ झाला, शिष्यांची पांगापांग झाली, आणि ते जेथें गेले तेथें सुवार्ता गेली. वारा गोड असतो असें मी म्हणत नाहीं. स्तेफनासाठीं भक्तिमान लोकांनीं मोठा शोक केला. तुम्हांस भाऊबंदांनीं लग्नाच्या पंक्तींतून उठविलें असेल, पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागले असतील. तें दुःख खरें आहे. परंतु विश्वास केवळ बाहेर दाखविण्यापुरता असेल तर तो अशा वाऱ्यानें विझेल. अंतःकरणांत असेल तर अधिकच पेटेल.

उपदेशक बंधूंस एक वेगळा शब्द. ह्या किटलींत पाणी नसतां विस्तव लावूं नये. भांडेंच खराब होतें. आणि पाणी उकळत असतां तोंडाला बूच ठेवूं नये. वाफ कोंडून भाजण्याचें भय असतें. स्वतःच्या प्रार्थनेवांचून व शास्त्राभ्यासावांचून जो आवेशानें धांवतो, तो मंडळीला ऊब देण्यापूर्वीं स्वतःच जळून जातो. जो मनांतला राग कोंडून ठेवितो, तो एके दिवशीं जवळच्यांसच पोळतो. म्हणून रोज वचनानें भरावें, आणि भावाविषयीं कांहीं असल्यास त्याच्यापाशीं जाऊन शांतपणें सांगावें. पौलानें तीमथ्याला देवाचें कृपादान पुन्हां प्रज्वलित करावयास सांगितलें. हें काम त्याच्याच हातीं होतें.

येत्या रविवारीं पाळक येणार नसतील, तरी दार उघडा. तिघेच आले तरी उपासना करा, आणि ज्याचें घर थंड पडलें आहे त्याला हाक मारावयास एकानें जावें. प्रभु आपणांस साहाय्य करो. आमेन.