झील धरणारे गळे

पावसाळ्यातली संध्याकाळ. मुलचेरा तालुक्यातल्या एका गावात सामुदायिक प्रार्थनेला बसलो होतो. खंजिरीवाल्या काकांनी दोन थापा मारल्या आणि हात थांबवला. "चामडं वलं झालं जी," म्हणत ते उठले आणि शेजारच्या घरी चुलीपाशी जाऊन खंजिरी निखाऱ्यांवर फिरवू लागले. टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकली. पंधरा-वीस माणसं तोवर नुसती बसून. तेच भजन मोबाइलवर असलेला एक मुलगाही त्यांत होता. पण 'लाव रे' असं कोणी म्हटलं नाही.

लोकप्रिय गाण्यातल्या श्रद्धेची चर्चा आपल्याकडे शब्दांशी आणि चालीशी अडते. भजनाला सिनेमाची चाल लावली की नाकं मुरडली जातात. मला त्या सोवळ्या-ओवळ्यात फारसा अर्थ वाटत नाही. चाल कुठूनही येवो, तिला झील धरायला गळे आहेत की नाहीत, हे आधी पाहावं. ते असले तर गाण्याची प्रार्थना होते. नसले तर कितीही पवित्र शब्द असोत, ते ऐकण्याचंच गाणं राहतं.

तुकडोजी महाराजांना (१९०९–१९६८) हे नेमकं कळलं होतं. वाद्य निवडलं तेही एका हातात मावणारं, खंजिरी. भजनं मराठीत आणि हिंदीत, चाली पहिल्या ऐकण्यात उचलता येतील अशा. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर पेटलं, तेव्हा इंग्रज सरकारने या भजनी माणसाला चंद्रपुरात पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. देवघरात एकट्याने पुटपुटणाऱ्याची कोणतंही सरकार दखल घेत नाही. भीती होती ती एकदम उचलून धरणाऱ्या जमावाची.

मुलचेऱ्यात हीच गोष्ट वेगळ्या भाषेतही ऐकू येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकात या भागात वसवलं गेलं. त्यांच्यातल्या नमःशूद्र कुटुंबांत मतुआ पंथ आहे. ओडाकांदीच्या हरिचाँद ठाकूरांचा (१८१२–१८७८) हा पंथ. डंका आणि कांसी वाजू लागली, 'हरिबोल' सुरू झालं की वाजवणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे सांगणं कठीण. ज्यांना उच्चवर्णीयांच्या पूजेत बाहेर उभं राहावं लागे, त्यांनी कीर्तनालाच देऊळ केलं. देश सुटल्यावर ते सोबत आणता आलं, याचं कारणही तेच असावं. माडिया-गोंडांच्या रेला गाण्यातही नाचणारेच गातात. तिथे श्रोता नावाची वेगळी जात नाही.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात अवघड जातात ती भीमगीतं. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या धम्मात नवस नाही, मागणं नाही, मग प्रार्थना कुठली? पण वामनदादा कर्डकांचं गाणं वस्तीत सुरू झालं की म्हाताऱ्या बायका ज्या आवाजात ध्रुपद उचलतात, त्याला दुसरं नाव मला सापडत नाही. मागण्यापेक्षा कृतज्ञतेची प्रार्थना म्हणू या हवं तर. प्रल्हाद शिंदे यांनी तर एकाच गळ्याने विठ्ठलाची भक्तिगीतंही गायली आणि भीमगीतंही. त्यांच्या कॅसेटी दोन्हीकडे वाजल्या, आणि त्या ऐकून मंडळांनी गाणी बसवलीही. म्हणून यंत्रालाच दोष देणं बरोबर नाही. कॅसेट संपल्यावर लोक गात होते.

डीजेच्या भिंतीपुढे ते होत नाही. तिथेही देवाचीच गाणी असतात, पण त्या आवाजात माणसाला स्वतःचा गळा ऐकू येत नाही. अंग हलतं, तोंड बंद. मिरवणुकीत भक्ती वाढली असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे झील धरून पाहावी.

त्या संध्याकाळी खंजिरी तापून आली आणि दोन भजनं झाली. तिसऱ्याचं दुसरं कडवं कोणालाच आठवेना. मग त्या मुलाने मोबाइल काढला. वाजवला नाही, पडद्यावरचे शब्द एकेक ओळ मोठ्याने वाचून दिले. बाकीचे म्हणू लागले. काका मात्र पुन्हा चुलीकडे निघाले होते.